कॅनाबिडिऑल आणि चित्तविकृतीचा प्रतिबंध : एका औषधाच्या परीक्षेचा अभ्यास

रोग झाल्यावर त्यावर उपचार करण्यापेक्षा तो होऊच न देणे श्रेयस्कर, हे तत्त्व सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात फार पूर्वीच मान्य झाले आहे. देवीच्या रोगाचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० साली झाली आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित करण्यात आले, ही या तत्त्वाची सर्वपरिचित फळे होत. मनाच्या आजारांच्या बाबतीत मात्र प्रतिबंधाचा विचार फार उशिरा सुरू झाला. गेल्या तीन दशकांत त्या दिशेने जे प्रयत्न झाले, त्यांपैकी एक विशेष लक्षवेधी आहे. ज्या झाडापासून गांजा, चरस आणि भांग मिळते, त्याच झाडातील कॅनाबिडिऑल नावाच्या द्रव्याने जोखमीच्या अवस्थेतील तरुणांची चित्तविकृती टाळता येईल काय, याचा शोध सध्या घेतला जात आहे.

या प्रयत्नातून आशा निर्माण झाली आहे. त्याचबरोबर काही कठीण प्रश्नही उभे राहिले आहेत. प्रतिबंधाचे औषध आजारी नसलेल्या माणसाला द्यावयाचे असते. म्हणूनच त्याची परीक्षा उपचाराच्या औषधापेक्षा अधिक कडक असावी लागते. ही गोष्ट नीट समजून घेणे आरोग्यसेवक, शिक्षक आणि पालक या सर्वांच्याच दृष्टीने अगत्याचे आहे.

जोखमीची अवस्था म्हणजे काय?

डॉक्टर ज्याला सायकोसिस म्हणतात त्या चित्तविकृतीत माणसाचा वास्तवाशी असलेला संबंध सुटतो. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येतात. शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी पक्की समजूत होते. विचारांची संगती राहत नाही. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा या वर्गातील प्रमुख आजार होय. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षण आणि नोकरीधंद्याची घडी बसण्याच्या काळात, प्रकट होतो. त्यामुळे त्याची झळ एका व्यक्तीपुरती न राहता संपूर्ण कुटुंबाला पोहोचते.

हा आजार पुष्कळदा एकाएकी येत नाही. त्याच्याआधी काही महिने, क्वचित काही वर्षे, एक धूसर कालखंड जातो. मुलगा एकलकोंडा होतो, अभ्यासात मागे पडतो, झोप बिघडते. कधी कोणी हाक मारल्याचा भास होतो. परंतु 'हा आपल्या मनाचा खेळ असावा' एवढे भान त्याला असते. या कालखंडाचे पद्धतशीर निकष ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तयार केले. त्यांनुसार तीन प्रकारच्या तरुणांना जोखमीच्या अवस्थेत धरले जाते. पहिला प्रकार सौम्य स्वरूपाची लक्षणे असणाऱ्यांचा. दुसरा, तीव्र लक्षणे अल्पकाळ येऊन आपोआप नाहीशी झालेल्यांचा. आणि तिसरा, जवळच्या नात्यात हा आजार असून ज्यांचे स्वतःचे दैनंदिन जीवनही अलीकडे ढासळले आहे अशांचा.

या अवस्थेतील किती जणांना पुढे आजार होतो, हा कळीचा प्रश्न आहे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१२ साली केलेल्या विश्लेषणात हे प्रमाण एका वर्षात सुमारे २२ टक्के आणि तीन वर्षांत ३६ टक्के आढळले होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अधिक व्यापक विश्लेषणात तीन वर्षांचे प्रमाण २५ टक्के, म्हणजे चारांत एक, एवढे निघाले. याचा अर्थ असा की जोखमीच्या अवस्थेत गणल्या गेलेल्या चार तरुणांपैकी तिघांना त्या तीन वर्षांत आजार होत नाही. त्यांतील कित्येकांना उदासीनता, चिंता यांसारखे त्रास असतात व त्यांना मदतीची गरजही असते. परंतु चित्तविकृती त्यांच्या वाट्याला येत नाही. तो एक कोण आणि ते तिघे कोण, हे आधी खात्रीने सांगण्याचे साधन आजच्या वैद्यकशास्त्राजवळ नाही.

एकाच झाडातील दोन द्रव्ये

गांजा आणि वेड यांच्या संबंधाची चर्चा भारताला नवी नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय भांगविषयक आयोगाने १८९३-९४ साली देशभर फिरून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांत 'वेडाचे कारण : गांजा' अशा नोंदी सर्रास होत्या. आयोगाने त्यांची छाननी केली, तेव्हा त्यांतील पुष्कळ नोंदी ऐकीव माहितीवरून भरलेल्या निघाल्या. माफक सेवनाने सहसा मनाला इजा होत नाही, अतिसेवनाने मात्र होऊ शकते, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

पुढील शतकात अधिक काटेकोर पुरावा जमा झाला. स्वीडनमधील ४५,५७० सैन्यभरती उमेदवारांचा १५ वर्षे मागोवा घेऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी पन्नासपेक्षा अधिक वेळा गांजाचे सेवन केले होते त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण गांजा न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. २०१९ साली युरोप व ब्राझीलमधील ११ केंद्रांच्या अभ्यासातही, कडक गांजा रोज ओढणाऱ्यांत चित्तविकृतीची शक्यता कधीही गांजा न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसून आली.

आता प्रश्न असा की जे झाड जोखीम वाढवते, त्यातच तिच्यावरचा उतारा कसा असेल? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. या झाडात शंभरावर परस्परसंबंधित द्रव्ये आहेत. त्यांपैकी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी, हे नशा आणणारे द्रव्य होय. कॅनाबिडिऑल हे दुसरे. ते १९४० साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले आणि त्याची अचूक रचना १९६३ साली इस्राएलमधील राफेल मेकूलम व त्यांच्या सहकाऱ्याने उलगडली. पुढच्याच वर्षी मेकूलम यांनी टीएचसीचीही रचना निश्चित केली. दोन्ही द्रव्यांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची संख्या तंतोतंत सारखी आहे. फरक आहे तो केवळ मांडणीचा. परंतु त्या फरकामुळे टीएचसी मेंदूतील विशिष्ट ग्राहींना चिकटून नशा आणते, तर कॅनाबिडिऑल तसे करीत नाही व त्याने नशाही येत नाही.

मेंदू स्वतःही या ग्राहींसाठी एक द्रव्य तयार करतो, असे १९९२ साली आढळून आले. त्याला दिलेले 'आनंदामाइड' हे नाव संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून घेतलेले आहे. कॅनाबिडिऑलमुळे रक्तातील या आनंदामाइडचे प्रमाण वाढते व त्यामुळे लक्षणे कमी होत असावीत, असा एक तर्क आहे. औषधाची क्रिया नेमकी कशी घडते याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

आजवरचे प्रयोग

कॅनाबिडिऑल हे टीएचसीच्या परिणामांना आळा घालते, याचा महत्त्वाचा पुरावा ब्राझीलमधून आला. अँतोनियो झुआर्दी आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ८ निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. टीएचसीबरोबर कॅनाबिडिऑल दिले असता भीती आणि विचित्र अनुभव कमी झाल्याचे त्यांना आढळले. १९९५ साली त्यांनी छिन्नमनस्कतेच्या एका रुग्णाला चार आठवडे हे औषध देऊन सुधारणा झाल्याचे नोंदविले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु पुढील संशोधनाला दिशा मिळाली.

त्यानंतर २०१२ साली जर्मनीतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ४२ रुग्णांना कॅनाबिडिऑल किंवा अमिसल्प्राइड हे रूढ औषध देण्यात आले. चार आठवड्यांत दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली आणि कॅनाबिडिऑलच्या गटात दुष्परिणाम कमी दिसले. २०१८ साली फिलिप मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी ८८ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. चालू औषधांच्या जोडीला ४३ जणांना रोज १००० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल आणि ४५ जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या मात्रा सहा आठवडे देण्यात आल्या. भास व भ्रम यांसारख्या लक्षणांत कॅनाबिडिऑलच्या गटात थोडी अधिक घट झाली. मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ३६ रुग्णांवरील दुसऱ्या एका प्रयोगात, रोज ६०० मिलिग्रॅम देऊनही दोन गटांत फरक आढळला नाही.

हे सर्व प्रयोग आजार झालेल्यांवरील होत. जोखमीच्या अवस्थेतील तरुणांकडे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील सागनिक भट्टाचार्य आणि सहकारी वळले. २०१८ सालच्या त्यांच्या प्रयोगात अशा ३३ तरुणांपैकी १६ जणांना ६०० मिलिग्रॅमची एकच मात्रा आणि १७ जणांना औषधविरहित मात्रा दिली गेली व स्मरणाचे एक काम करीत असता त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. मेंदूच्या ज्या भागांचे कार्य या अवस्थेत बिघडलेले असते, तेथील कार्य कॅनाबिडिऑल घेतलेल्यांत निरोगी व्यक्तींच्या बाजूला झुकलेले दिसले. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु एका मात्रेने मेंदूच्या चित्रात झालेला बदल म्हणजे आजार टळणे नव्हे. दोहोंमध्ये मोठे अंतर आहे.

माशाच्या तेलाचा धडा

हे अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण याच क्षेत्रात घडले आहे. जोखमीच्या अवस्थेतील तरुणांना प्रथम रूढ चित्तविकृतिरोधक औषधेच अल्प प्रमाणात देऊन पाहण्यात आली. अमेरिका व कॅनडातील ६० जणांवरील ओलान्झापिनच्या प्रयोगात, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका वर्षात औषध घेणाऱ्या १६ टक्के आणि न घेणाऱ्या ३८ टक्के तरुणांना आजार झाला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरता उतरला नाही. मात्र औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी जवळजवळ ९ किलोग्रॅमने वाढले, ही गोष्ट निःसंशय होती. ज्यांना कदाचित आजार होणारच नव्हता, त्यांना हा भार सोसावा लागला. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१४ साली अशा तरुणांना प्रतिबंधासाठी ही औषधे देऊ नयेत असेच सांगण्यात आले.

मग निरुपद्रवी उपायाचा शोध सुरू झाला. व्हिएन्ना येथे ८१ तरुणांपैकी निम्म्यांना माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले १२ आठवडे देण्यात आली. २०१० साली जाहीर झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. वर्षभरात तेल घेणाऱ्या ४१ जणांपैकी केवळ २ जणांना, तर न घेणाऱ्या ४० जणांपैकी ११ जणांना आजार झाला. स्वस्त, सुरक्षित आणि गुणकारी उपाय हाती आला, असे अनेकांना वाटले. परंतु तोच प्रयोग अनेक देशांतील ३०४ तरुणांवर पुन्हा केला, तेव्हा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन गटांत काहीच फरक आढळला नाही.

पहिल्या प्रयोगात कोणी लबाडी केली होती असे नव्हे. लहान प्रयोगात योगायोगाचा वाटा मोठा असतो, एवढाच त्याचा अर्थ. कॅनाबिडिऑलकडे पाहताना हा धडा दृष्टीआड करून चालणार नाही.

शंभर तरुणांचे गणित

हा मुद्दा साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, जोखमीच्या अवस्थेतील शंभर तरुणांपैकी १५ जणांना एका वर्षात आजार होतो. समजा, एक औषध ही संख्या निम्म्यावर आणते. मग शंभर जणांना औषध दिले असता सात-आठ जण वाचतील. सात-आठ जणांना औषध घेऊनही आजार होईल. आणि उरलेले ८५ जण, ज्यांना त्या वर्षात आजार होणारच नव्हता, औषध घेत राहतील. एकाला वाचविण्यासाठी सुमारे तेरा जणांना औषध द्यावे लागेल. औषध निर्धोक असेल तर हा सौदा फायद्याचा. तसे नसेल तर वाचलेल्या एकाच्या बदल्यात इतर बाराजणांनी काय सोसले, याचा हिशेब द्यावा लागेल.

आता प्रयोगाची बाजू पाहू. शंभर तरुणांचे पन्नास-पन्नासांचे दोन गट केले, तर एका गटात सात-आठ आणि दुसऱ्यात चार जण आजारी पडतील. तीन-चार जणांचा हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. औषधाचा गुण आणि योगायोग यांचा निवाडा समाधानकारकपणे करावयाचा, तर रूढ संख्याशास्त्रीय हिशेबाने दोन्ही गटांत मिळून सुमारे साडेपाचशे तरुण लागतात. एका शहरातील एका इस्पितळाला एवढे तरुण मिळणे दुरापास्त आहे. म्हणूनच अनेक देशांनी एकत्र येणे भाग पडते.

मोठ्या चाचणीची रचना

अशी व्यापक योजना २०२३ साली जाहीर झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅकग्वायर यांच्या नेतृत्वाखालील या योजनेला वेलकम या ब्रिटिश संस्थेने १ कोटी ६५ लाख पौंडांचे साहाय्य दिले. युरोप व उत्तर अमेरिकेतील अनेक केंद्रांत मिळून सुमारे एक हजार व्यक्तींचा समावेश करण्याचे तीत ठरले. योजनेचे तीन भाग आहेत. पहिला जोखमीच्या अवस्थेतील तरुणांसाठी, दुसरा प्रथमच आजारी पडलेल्यांसाठी आणि तिसरा रूढ औषधांनी गुण न आलेल्यांसाठी. औषधाने कोणाला गुण येतो हे आधी ओळखता येईल काय, याचाही शोध तीत घ्यावयाचा आहे; कारण त्या चारांतील एकाला ओळखता आले, तर उरलेल्या तिघांवरील औषधाचा भार आपोआप टळेल.

अशा चाचणीत कोणाला औषध मिळावे हे डॉक्टर किंवा पालक ठरवीत नाहीत. ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. त्यामुळे दोन्ही गट वय, लक्षणांची तीव्रता, घरची परिस्थिती इत्यादी बाबतींत सर्वसाधारणपणे सारखे राहतात. आपणांस औषध मिळते की औषधविरहित मात्रा, हे तरुणाला ठाऊक नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. आशेने आलेली सुधारणा आणि औषधाने आलेली सुधारणा यांची गल्लत टाळण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

सहभागी होणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती ही या सर्वाचा पाया होय. भारतातील २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा-चाचणी नियमांनुसार अशा कोणत्याही चाचणीस केंद्रीय औषध नियंत्रकांची अनुमती व नैतिकता समितीची मान्यता लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. सहभागी व्यक्ती अज्ञान वयाची असेल तर पालकांची संमती आवश्यक असते. शिवाय समजत्या वयाच्या मुलाचा होकारही घ्यावा लागतो. 'तुला पुढे कदाचित वेड लागेल' हे शब्द सतरा वर्षांच्या मुलाच्या मनावर किती खोल उमटतील, याचा विचार औषधाच्या दुष्परिणामांइतकाच करावयास हवा.

बाजारातील तेल आणि चाचणीतील औषध

कॅनाबिडिऑल हे वनस्पतिजन्य असल्याने निर्धोकच असणार, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. लहान मुलांतील अपस्माराच्या काही दुर्मिळ व हट्टी प्रकारांसाठी शुद्ध कॅनाबिडिऑलला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. त्या वापरात गुंगी येणे, भूक मंदावणे, जुलाब होणे आणि यकृतातील विकरांचे प्रमाण वाढणे असे परिणाम नोंदले गेले. व्हॅल्प्रोएटसारखे औषध चालू असता यकृतावरील परिणामाची शक्यता अधिक असते.

बाजारात मिळणाऱ्या तेलाची गोष्ट आणखी निराळी आहे. अमेरिकेत कॅनाबिडिऑलची म्हणून विकली जाणारी ८४ उत्पादने तपासून २०१७ साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ २६ उत्पादनांवरील प्रमाण बरोबर होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. म्हणजे ज्याच्यापासून दूर राहावयाचे, तेच द्रव्य जोखमीच्या अवस्थेतील तरुणाच्या पोटात जाण्याचा संभव! शिवाय चाचण्यांतील मात्रा ६०० ते १००० मिलिग्रॅम इतकी मोठी व डॉक्टरांच्या देखरेखीखालील आहे. ब्रिटनच्या अन्नविषयक यंत्रणेने २०२३ साली निरोगी प्रौढांना दिलेला सल्ला दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. भारतात गांजा व चरस यांवर १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने बंदी आहे आणि भांगेच्या पानांचे नियमन राज्ये करतात. 'विजया' या नावाने पानांपासून केलेली तेलेही विकली जातात. त्यांतील कोणतेही तेल चित्तविकृतीचा प्रतिबंध करते, असे सिद्ध झालेले नाही.

तोवर काय करावे?

मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत स्वस्थ बसावे असे मात्र नव्हे. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश सूचनांत जोखमीच्या अवस्थेतील तरुणांसाठी विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचाराची शिफारस आहे; कुटुंबीयांना बरोबर घेऊन काम करण्यासही त्यात स्थान आहे. झोप, अभ्यास, मित्रमंडळी आणि घरातील ताण यांकडे लक्ष पुरविण्याने आजार टळेलच असे नाही. परंतु त्या तरुणाचा आजचा त्रास कमी होतो आणि आजार उद्भवलाच तर तो लवकर ओळखला जातो. उपचारास विलंब जितका कमी, तितकी पुढील वाटचाल सुकर, हे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे.

या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह होईल :

१. मुलाच्या वागणुकीत काही आठवडे टिकणारा बदल, तुटकपणा, निष्कारण संशय किंवा भास दिसल्यास त्याला रागावू नये, हसू नये. शांतपणे विचारपूस करावी.

२. गांजाचे सेवन पूर्णपणे टाळावे. ज्या घरात हा आजार पूर्वी झालेला आहे, तेथे ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. जोखीम कमी करण्याचा हा उपाय आजच आपल्या हाती आहे.

३. कॅनाबिडिऑल किंवा भांगेचे कोणतेही तेल परस्पर विकत घेऊन देऊ नये. चालू असलेले औषध त्याच्या भरवशावर बंद करू नये.

४. जवळच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत ही सोय आहे. २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही मार्गदर्शन मिळते.

५. एखाद्या तरुणाचा चाचणीत समावेश करण्याविषयी विचारणा झाल्यास ती चाचणी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंदलेली आहे काय, तिला नैतिकता समितीची मान्यता आहे काय, आणि केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक आहे काय, हे आधी विचारावे.

कॅनाबिडिऑल कसोटीस उतरले, तर मनाच्या एका भयंकर आजाराला दारातच अडविण्याचे साधन मानवाच्या हाती येईल. ते उतरले नाही, तरी ज्यांच्यासाठी ते निरुपयोगी आहे अशा हजारो तरुणांना अनावश्यक औषधापासून वाचविल्याचे श्रेय त्या चाचणीला मिळेल. दोन्ही निकाल सारखेच मोलाचे आहेत. आणि म्हणूनच निकालापूर्वी औषधाच्या बाटलीवर विश्वास टाकण्यापेक्षा, त्रासात असलेल्या मुलाला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे हेच आजचे खरे प्रतिबंधक कार्य होय.